बाबांच्या आवाजाचा मालक

पहिली नोटीस आली तेव्हा मी मोड आलेले वाल सोलत बसले होते. हात ओले, म्हणून मोबाइल कोपराने सरकवून वाचला. तुमच्या अमुक व्हिडिओतलं संगीत दुसऱ्याच्या मालकीचं असल्याचं आढळलं आहे, असं लिहिलं होतं. खाली कुणाची सही नाही, बोलायला नंबर नाही. अशा तीन नोटिसा झाल्या की आपलं सगळं कायमचं बंद. मी वाल सोलत राहिले, पण त्या दिवशी बिरड्यात गूळ दोनदा पडला.

कसला व्हिडिओ आणि कसलं संगीत, ते आधी सांगते. माझा एक ब्लॉग आहे. मुलुंडच्या एका ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे कागद तपासायचे आणि घरी आल्यावर मनातलं लिहायचं, एवढीच माझी चैन. सुरुवातीला मी टीव्हीवरच्या बातम्यांवर चिडून लिहायचे. सहा खिडक्यांतली सहा माणसं एकदम ओरडतात आणि खाली पट्टीवर तिसरंच काही धावत असतं, त्याला बातमी का म्हणायचं, वगैरे. सोसायटीच्या मीटिंगवर लिहिलं, रिक्षावाल्यांवर लिहिलं. वाचणारे बारा-पंधरा, त्यातले निम्मे नातेवाईक. मग एकदा बाबांच्या जुन्या कॅसेटींमधला एक गजर चढवला आणि त्याच्यासोबत तो कुठे, कसा गायला गेला त्याची गोष्ट लिहिली. आठवडाभरात गावाकडची, विरारची, दुबईतली माणसं मला ‘बुवांची मुलगी’ म्हणून ओळखायला लागली. माझ्या मतांना कोणी विचारत नव्हतं. बाबांच्या आवाजाला विचारत होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू, थोडंसं वाटलं.

बाबा आधी गिरणीत होते. गिरणी गेल्यावर मुलुंडच्या एका कारखान्याच्या गेटवर बसले. पण माणसांच्या लेखी ते भजनीबुवा. आमच्याकडे कोकणात डबलबारी असते. दोन बुवा आपापलं मंडळ घेऊन समोरासमोर बसतात, पेटी, पखवाज, झांजा. एकाने गायचं, मग दुसऱ्याने. शेवटी गजर येतो, तेव्हा एकाने दुसऱ्याला गाण्यातून चिमटा काढायचा आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे जोडून उत्तर द्यायचं. लोक त्यासाठीच पहाटेपर्यंत बसतात. त्या चिमट्यांचा एक नियम होता आणि बाबा तो कुळाचारासारखा पाळत. समोर बसलेल्यालाच बोलायचं. जो हजर नाही, ज्याला उत्तर देता येणार नाही, त्याच्यावर एक शब्द जोडायचा नाही.

बाबांच्या समोर बहुतेक वेळा एकच बुवा असायचे. त्यांना मी काका म्हणते. तीस वर्षं दोघांनी एकमेकांची गाण्यातून धूळधाण केली आणि गाणं संपल्यावर एकाच बशीतून चहा प्यायला. काकांची टोपी, बाबांचं पोट, समोर श्रोत्यांत बसलेल्या दोघांच्या बायका, काही सुटलं नाही. आई गेली तेव्हा काका गावाहून आले आणि तेरा दिवस आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपले.

पाच वर्षांपूर्वी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढावं लागलं. आता गळ्याला खाली एक भोक आहे, त्यातून श्वास चालतो, त्याच्यावर जाळीचं फडकं. आवाज अजिबात नाही. मुलांची ती पाटी मिळते ना, बटण दाबलं की आपोआप पुसली जाणारी, तिच्यावर बाबा लिहितात. बोलायचे मालवणीत, लिहितात मात्र शाळेतल्या मराठीत. त्यामुळे ऑपरेशनमध्ये त्यांची मालवणीही गेली.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं ते असं: गावात कळता कामा नये. बुवाचा घसा गेला हे ऐकून लोक च्‌ च्‌ करतील, ते त्यांना सोसणार नव्हतं. मी कबूल केलं. बुवांनी गाणं कमी केलंय, प्रवास झेपत नाही, असं सांगायला लागले. काकांचा फोन आला की बाबा अंघोळीला गेलेत, बाबा देवळात गेलेत. काकांना ऐकू कमी येतं, त्यांना फोनचा कंटाळा, ते फार खोदत नसत. मग काकू गेल्या आणि त्यांचे फोनही थांबले. बाबा तेव्हा गावी गेले नाहीत. कसे जाणार? मी ब्लॉगवर एकेक जुना गजर चढवत राहिले, आणि बुवा अजून गातात असं कोणाला वाटलं तर वाटू दिलं. खोटं मी कधी लिहिलं नाही. खरं तेवढं लिहिलं नाही.

तर पहिली नोटीस. ती एका सिनेमा-संगीताच्या कंपनीची होती आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. गजराला चाल सिनेमाचीच लावायची ही आमच्याकडची रीतच. हिरोईन जिथे साजणाला बोलावते, तिथे बाबा विठ्ठलाला बोलवायचे. गिरणीतल्या माणसाला चाल कुणाच्या मालकीची असते हे ठाऊकच नव्हतं. रेडिओवर लागलेलं गाणं म्हणजे सार्वजनिक नळाचं पाणी. मी तो व्हिडिओ काढून टाकला. बाबांना दाखवलं तर त्यांचे खांदे हलले. ते हसले की तेवढंच दिसतं.

दुसरी नोटीस महिन्याभराने आली. ती मी दोनदा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. या वेळी चालीचा प्रश्नच नव्हता. चाल बाबांची स्वतःची, शब्द बाबांचे. त्यांनी लिहिलं होतं: या व्हिडिओतील आवाज आमच्या मालकीचा आहे.

ती भजनांच्या कॅसेटी काढणारी एक छोटी कंपनी होती. मी फोन लावला. पलीकडचा माणूस फारच गोड बोलला. “ताई, बुवा म्हणजे आमचं दैवत. मी तुमच्याच बाजूच्या गावचा. पण बुवांनी तेव्हा सही केलीय ना, सगळ्या हक्कांची.”

बाबांना विचारलं. त्यांना आठवत होतं. भांडुपचा एक हॉल, दिवसभर रेकॉर्डिंग, संध्याकाळी शाल आणि श्रीफळ. आणि कागद? मी विचारलं, कागद वाचलात का? बाबांनी पाटीवर लिहिलं, देवाच्या कामाला वाचून सही करतात का? मिलमध्ये पगाराच्या चिठ्ठीतला प्रत्येक आकडा तपासणारा माणूस हा. पण भजनाचं मानधन त्यांनी जन्मात घेतलं नाही, आणि ज्याचं मानधन नाही त्याचा कागद वाचणं म्हणजे यजमानावर संशय घेणं. त्यांच्या पिढीतल्या सगळ्या बुवांनी असेच अंगठे उठवले असतील.

आठ दिवसांनी तो माणूस घरी आला. नीटनेटका, कपाळाला बुक्का. बाबांच्या पाया पडला. बाबांचा गळा त्याने पाहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आवडलं नाही. दुःख नव्हतं ते. बाजारात हवी ती वस्तू सापडल्यावर माणूस किंमत न विचारता तिच्याकडे जसा बघतो, तसं काहीतरी होतं. तो म्हणाला, “ताई, नोटीस मागे घेऊ आम्ही. तुमचा ब्लॉग जसाच्या तसा चालू दे. फक्त हा नवीन कागद. फॉर्मॅलिटी आहे हो.”

कागद अकरा पानी, इंग्रजीत. माझा धंदाच कागद वाचायचा. सातव्या पानावर मी थांबले. बाबांचा आवाज, आवाजाची ढब, आणि त्यांपासून पुढे तयार होणारी कुठलीही नवी रचना, आज असलेल्या किंवा यापुढे निघणाऱ्या कुठल्याही तंत्राने. मी विचारलं, “नवी रचना म्हणजे? बाबा गात नाहीत.” तो हसला. “ते वकिलांचं असतं ताई, सगळीकडे तसंच लिहितात.” मी कागद परत दिला आणि चहाचंही विचारलं नाही.

तो गेल्यावर बाबा माझ्याशी भांडले. पाटीवर भांडणं फार अवघड, लिहायचं, दाखवायचं, पुसायचं. त्यांना ब्लॉग बंद व्हायला नको होता. रोज सकाळी ते माझा मोबाइल घेऊन लोकांनी काय लिहिलंय ते वाचतात, ‘बुवा, तोड नाही’ असलं काही दिसलं की दिवसभर चेहरा उजळलेला. आवाजाच्या फायली माझ्याकडे दोन पेनड्राइव्हवर होत्या, पण पेनड्राइव्हमधला आवाज म्हणजे कपाटातली पैठणी, नेसायची कधी? मी म्हटलं, “बाबा, ते तुमचा आवाज घेऊन काय करतील ते आपल्याला ठाऊक नाही.” त्यांनी लिहिलं, मी काय करतो आहे त्याचं?

पुढच्या गुरुवारी ऑफिसातून आले तर डायनिंग टेबलावर नारळ होता. शेंडीला हळदकुंकू लावलेला, खाली घडी केलेली शाल. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, शाळेत मार खायची तयारी करून बसलेल्या मुलासारखे. मी सगळं समजले. त्यानंतर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. म्हटलं, “झालं, वाट लागली. आता तुमचा आवाज तुमचा राहिला नाही.” बाबांनी पाटी घेतली. मग लिहिलं, मी मेल्यावर गाऊ दे त्याला. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडला, रडलेलं ऐकू जाऊ नये म्हणून. तो नारळ मी फोडला नाही. महिन्याभराने तो आतून हलायला लागला, मग वास यायला लागला, तेव्हा बाईला नेऊन टाकायला सांगितला.

त्यानंतर काहीच झालं नाही, आणि हेच मला सहन होत नव्हतं. कंपनीची नोटीस मागे घेतली गेली. काढून टाकलेला व्हिडिओ सोडून बाकी सगळे जागच्या जागी. बाबा खूश. मी मात्र रोज मोबाइल उघडताना श्वास धरायचे. ब्लॉगवर लिहिणं सुटलं. काय लिहिणार होते? एवढी वर्षं चॅनेलवाल्यांना नावं ठेवली, तोंड एकाचं आणि शब्द दुसऱ्याचे म्हणून, आणि माझ्याच घरातलं तोंड अकरा पानांवर लिहून दिलेलं.

गणपतीच्या आधी मुलुंडला सामान घ्यायला गेले. मखराची, तोरणांची दुकानं फूटपाथवर उतरली होती. कापूर-अगरबत्तीच्या एका ठेल्यावर स्पीकर लागला होता आणि बाबा गात होते. छातीत लख्ख झालं. आनंदाने, दुसऱ्या कशाने नाही. हा गजर माझ्याकडे नव्हता. वाटलं, कुठली तरी जुनी कॅसेट सापडलेली दिसते. तीच दाणेदार फिरत, वरच्या सुरावर तीच किंचित खरखर. ठेलेवाला म्हणाला, “झकास आहे ना, ताई? नवीन आहे.” मी म्हटलं, नवीन कसं असेल, हे माझे वडील. आणि तेवढ्यात बाबा गाण्यात म्हणाले की देवासमोर उभं राहून पोरं रील बनवतात.

बाबांचा आवाज गेला तेव्हा त्यांना रील हा शब्द माहीत नव्हता.

रिक्षाने घरी पोचले. बाबांना कुणीतरी ते पाठवलंच होतं. मोबाइल मांडीवर ठेवून ऐकत होते. बोटं ताल धरत होती आणि ओठ शब्दांच्या मागे मागे हलत होते, पाठ नसलेली आरती म्हणताना आपले हलतात तसे. माझ्याकडे बघून त्यांनी तर्जनीने खूण केली, थांब, ऐक. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, जाऊ दे. ह्या म्हाताऱ्या माणसाला एवढं सुख मिळतंय तर मी कोण नीती शिकवणार?

मग दुसरं कडवं आलं. आधी काकांच्या गावाचं नाव, आणि पुढे:

पेटी गेली माळ्यावरती, बुवा गेले खोपीत,
समोर बसायची वेळ आली, तोंड लपवलं टोपीत.

मागे कोरस खदाखदा हसला. बाबांची बोटं थांबली. ते कडवं दोनदा घोळवून घोळवून म्हटलं होतं, जसे बाबा म्हणायचे, ऐन जागी श्वास तोडून. काकू गेल्यापासून काकांनी पेटीला हात लावला नव्हता. सगळ्या पंचक्रोशीला हे माहीत होतं. ज्या कोणी हे शब्द लिहिले त्याला एवढंच ठाऊक असणार की हे दोघे एकमेकांना चिमटे काढतात आणि लोकांना ते आवडतं.

मी कंपनीतल्या त्या माणसाला फोन लावला. शिव्याच द्यायच्या होत्या, पण तो आधीच आनंदात होता. “ताई, लोक वेडे झालेत! बुवा परत आले म्हणतायत.” मी म्हटलं, ते कडवं आत्ताच्या आत्ता काढा, त्या काकांची बायको गेलीय. तो म्हणाला, “अरेरे. पण ताई, लोकांना तेच कडवं हवंय ना. आणि तुम्ही त्यांची काळजी करू नका, त्यांना उत्तर द्यायची संधी आहे. त्यांची पण जुनी सही आहे आमच्याकडे, नवा कागद मागाहून करून घेऊ. त्यांचं उत्तर तयार होतंय, पुढच्या आठवड्यात येईल.”

मी विचारलं, त्यांना सांगितलंत का? तो म्हणाला, “सरप्राइज आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. मी स्पीकर लावला, बाबा समोरच होते. काकांनी माझी चौकशी केली नाही. सरळ म्हणाले, “बुवानू, तुझो आवाज आयकलंय. बरां वाटला. घसो अजून तसोच हा.” मग म्हणाले, “पण माका असां कित्याक म्हटलंस रे? तुझी वयनी गेली, तेव्हापासून पेटयेक हात लावूक नाय मी. तू तेव्हा इलंस नाय, मी कायव बोललंय नाय. आणि आता गावासमोर असां म्हणतंस?”

बाबांचं तोंड उघडलं. मीच बोलले. पाच वर्षं जे लपवलं ते एका दमात सांगितलं. काका, बाबांचं ऑपरेशन झालंय, त्यांना बोलता येत नाही, हा आवाज बाबांचा नाही, मशीनने केलाय, कंपनीने केलाय. मोठ्याने, तोडून तोडून सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, “चेडवा, माका शिकव नको. तीस वर्सां समोर बसान आयकलंय तेका. तेचो आवाज माका वळखूक येवचो नाय? काल गाता आणि आज तेका बोलूक येना नाय?”

बाबांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला. गळ्यावरचं फडकं बाजूला केलं आणि मोबाइल त्या भोकाला लावला. मान ताणून, सगळा जोर लावून त्यांनी हवा बाहेर ढकलली. एकदा, मग परत एकदा. शिटी न झालेल्या कुकरसारखा नुसता फसफस आवाज.

“कोण फुकता थंय?” काका म्हणाले. “हॅलो? थट्टा करतंस माझी?” आणि फोन ठेवला.

बाबांनी पाटीवर लिहिलं, परत लाव. मी लावला. दिवसभर लावत होते. काकांच्या सुनेने संध्याकाळी एकदा उचलला आणि म्हणाली, मामंजी बोलणार नाही म्हणतात. मी तिला सगळं सांगितलं. ती हो हो म्हणाली. बरं, सांगते म्हणाली. तिच्या मागून, टीव्हीवर की कुणाच्या मोबाइलवर ते कळलं नाही, तोच गजर चालू होता.

ब्लॉगवर मी खरं काय ते लिहिलं. बाबांचा गळ्याच्या भोकासकट फोटो टाकला, त्यांनी स्वतः टाकायला सांगितला. लोकांनी लिहिलं, ताई, पब्लिसिटीसाठी वडिलांना असं वापरू नका. एकाने लिहिलं, फोटो एआयने बनवलेला दिसतोय. दोन दिवसांनी कंपनीने मागे घेतलेली नोटीस परत लावली, वर तिसरी पाठवली, आणि ब्लॉगवरचे सगळे व्हिडिओ एकदम गेले. बाबांना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला, त्यांना आता त्याचं काही नव्हतं. ते रोज विचारत होते, फोन आला का?

ठरल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात काकांचं उत्तर आलं. काकांच्या आवाजात. मी ते बाबांना ऐकवणार नव्हते, पण घरोघरी गणपती, समोरच्या बिल्डिंगमध्येच लागलं. बाबा खिडकीशी जाऊन उभे राहिले. काकांच्या आवाजातले ते शब्द इथे लिहिणार नाही. बाबांच्या पोटावर होते, घशावर होते, आईवरही होते. आणि काका कसे गातात, दुसऱ्या ओळीला थोडे मागे रेंगाळून, अगदी तसंच.

मी म्हटलं, “बाबा, हेही कंपनीचंच आहे. काकांना यातलं काही माहीतसुद्धा नसेल. तुमच्यासारखंच त्यांचंही.”

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग खुर्चीत येऊन बसले आणि पाटी मांडीवर घेतली. हळूहळू, प्रत्येक अक्षर नीट काढत त्यांनी लिहिलं, माझं मशीनने केलं असेल. हा मात्र त्याचाच आवाज आहे, मला कळतं.